लेकीनं कुठल्या कोर्टात उभं राहायचं?

बसवकल्याणला आमच्याकडची जुनी माणसं अजून नुसतं कल्याणच म्हणतात. अकराव्या शतकाच्या अखेरीस चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य इथून राज्य करत होता. त्याच्या दरबारातल्या विज्ञानेश्वर पंडितांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर जी टीका लिहिली, ती मिताक्षरा. त्यांचं मूळ गाव गुलबर्ग्याजवळचं मरतूर, असं मानतात. बंगालकडचा भाग सोडला तर जवळजवळ सगळ्या हिंदुस्थानात हिंदू घरातली वाटणी, वारसा आणि नातं यांचे निवाडे पुढची आठशे वर्षं या ग्रंथाच्या आधारानं झाले. १८१० साली कोलब्रुकनं त्यातल्या वारसाहक्काच्या भागाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात त्याचा कीस पाडला जाऊ लागला. गुलबर्ग्याच्या लाहोटी लॉ कॉलेजात हिंदू लॉच्या पहिल्याच तासाला मिताक्षरा आली, तेव्हा ती जिथं लिहिली ते गाव आपल्याच शेजारचं आहे, हे वर्गात कुणी बोललं नाही. ते मला आजही सलतं.

माझं माहेर निलंगा, सासर भालकी. भालकीच्या कोर्टात लग्न, घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा याच कामांत माझी सगळी वकिली गेली. त्यामुळं विज्ञानेश्वरांकडं मी पक्षकार बायकांच्या बाजूनं बघते. आणि त्या बाजूनं बघितलं तर एका गोष्टीसाठी त्यांना हात जोडावेसे वाटतात. बाईला आईबाप, भाऊ, नवरा यांनी दिलेलं ते स्त्रीधन, एवढं सगळेच शास्त्रकार सांगत होते. विज्ञानेश्वरांनी त्यात आणखी पाच वाटांनी आलेलं धन घातलं: वारशानं, खरेदीनं, वाटणीनं, कब्जानं आणि सापडल्यानं. म्हणजे बाईकडं आलेलं जवळजवळ सगळंच तिचं. इंग्रजी अमदानीत प्रिव्ही कौन्सिलनं हा अर्थ मानला नाही. वारशानं मिळालेल्या मालमत्तेवर बाईचा हक्क हयातीपुरता, अशीच रीत कोर्टांनी पक्की केली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमानं ती पूर्णपणे तिची झाली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की स्त्रीधन सासरी नवऱ्याच्या कपाटात ठेवलं म्हणून त्याचं होत नाही. माहेरून आलेली भांडी, पाटल्या, कपाट यांची यादी अर्जाला जोडताना मी नव्या पोरांना हे मुद्दाम सांगते. ही यादी कल्याणात आठशे-नऊशे वर्षांपूर्वी एकदा मान्य झालेली आहे.

नात्याच्या बाबतीत मात्र त्यांचं शास्त्र आणि आमचा मुलूख यांचं कधी जमलं नाही. विज्ञानेश्वरांनी सपिंड नातं पिंडदानावरून न मोजता शरीराच्या अंशावरून मोजलं. बापाकडून सात पिढ्या आणि आईकडून पाच पिढ्यांपर्यंत लग्न नको, असा दंडक होता. इकडं दक्षिणेत मामाची मुलगी करायची चाल इतकी जुनी की बौधायनानं आपल्या धर्मसूत्रात ती दाक्षिणात्यांची रीत म्हणून नोंदवून ठेवली आहे. आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर तर मराठी बोलणाऱ्या कित्येक घरांतही सख्ख्या मामाला भाची देतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं सात-पाच पिढ्यांच्या पाच-तीन केल्या, मामा-भाचीला निषिद्ध नात्यांत घातलं आणि पुढं वाट ठेवली की रूढी असेल तर चालेल. ही वाट नसती तर आमच्याकडच्या किती लेकरांचा जन्म वादात सापडला असता, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला हे बरं झालं.

मिताक्षरेनंतर साठ-सत्तर वर्षांत त्याच कल्याणात आणखी एक गोष्ट घडली. ब्राह्मण मधुवरसाची मुलगी आणि चांभार हरळय्याचा मुलगा यांचं लग्न बसवेश्वरांच्या शरणांनी लावलं. बिज्जळ राजानं दोघांच्या बापांना हत्तीच्या पायी देऊन मारलं, त्यातून बंड झालं, राजा मारला गेला आणि शरण परागंदा झाले, असं शरण परंपरा सांगते. हे साल ११६७ च्या आसपासचं. हरळय्याची गुहा बसवकल्याणात आजही दाखवतात. हिंदू लग्नातली जातीची अडचण १९५५ च्या कायद्यानं पुरती निकालात काढली. पण जातीबाहेर लग्न केलेली जोडपी संरक्षणासाठी माझ्याकडं येतात तेव्हा त्यांच्या मागं कोण लागलंय हे विचारावं लागत नाही. बाप आणि भाऊच असतात.

ग्रंथ कल्याणात लिहिला गेला, तरी गावगाड्यातली लग्नं मोडायची रीत ग्रंथाला विचारून ठरलेली नव्हती. शास्त्राप्रमाणं हिंदू लग्न मोडतच नाही. आमच्याकडं ते चावडीवर मोडत होतं. पंच बसायचे, दोन्हीकडची चार माणसं यायची, काडी मोडली जायची, फारखत लिहिली जायची आणि मग बाई दुसऱ्या घरी पाट लावून जायची. लिंगायतांत आणि कन्नड बोलणाऱ्या इतर काही जातींत त्यालाच उडकी म्हणतात. वरच्या मानलेल्या जातींत आणि घराण्याचा डौल सांभाळणाऱ्या पाटील-देशमुखांच्या घरांत मात्र ही सोय नव्हती. तिथली टाकलेली बाई माहेरच्या माजघरात जन्म काढायची. बायकांच्या बाबतीत खालच्या म्हटलेल्या जातींची रीत अधिक माणुसकीची होती, हे मी कागदपत्रं वाचून म्हणते.

ही कागदपत्रं मला सासऱ्यांकडून मिळाली. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. निजामाच्या राज्यात त्यांनी मुन्सिफ कोर्टात उर्दूतून अर्ज लिहिले, साक्षी उर्दूतून घेतल्या. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कोर्टात उर्दू, अशी त्या पिढीची जीभ तीन ठिकाणी चालायची. अण्णांच्या पेटीतली एक फारखत मी कितीदा तरी वाचली आहे. वर फसली सन, खाली मजकूर मराठीत, शेवटी साक्षीदारांचे अंगठे आणि एकाची उर्दू सही. मजकूर फार तर दहा ओळींचा. बाईनं मंगळसूत्र आणि चांदीचे वाळे परत दिले. नवऱ्यानं तिच्यावर हक्क सोडला. तिनं खुशाल दुसरीकडं पाट लावावा. पदरात एक मुलगा, तो अंगावर पितो. दूध सुटेपर्यंत आईजवळ, मग बापानं घेऊन जावा. एवढंच. बाईच्या हाताचा अंगठा कागदावर कुठंच नाही. तिच्या बापाचा आहे.

मुलाच्या ताब्याचा हा निकाल एका ओळीत लागला. दूध सुटणं म्हणजे वर्ष-दीड वर्ष. पुढं १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानं पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ राहील असं म्हटलं. त्याच्याही आधीपासून, १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानं, मुलाचं हित कशात आहे ते बघायला सांगितलं होतं. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं आई ही बापाच्या मरणाची वाट न बघताही मुलाची पालक असू शकते असा अर्थ लावला. त्या दहा ओळींच्या कागदापासून इथवर यायला किती आया मागं राहिल्या असतील, हे कागद हातात घेतला की डोळ्यांपुढं येतं.

इंग्रजी मुलखात आणि काही संस्थानांत दरम्यान बरंच पुढं गेलं होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९-२० च्या सुमारास आंतरजातीय विवाहाचे आणि काडीमोडीचे कायदे केले. बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ मध्ये हिंदूंना घटस्फोट दिला. मुंबई प्रांतानं १९४६ मध्ये दुसरी बायको करायला बंदी घातली आणि १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा आणला. म्हणजे सोलापूरच्या बाईला नवऱ्यानं टाकलं तर कोर्टात जाऊन मोकळं होता येत होतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या मूळ मजकुरात तिसावं कलम होतं. देशभर एक कायदा आल्यामुळं रद्द होणारे जुने प्रांतिक कायदे त्यात दिले होते. मुंबईचे आहेत, मद्रासचा आहे, सौराष्ट्राचे आहेत. हैदराबादचं नाव नाही. हैदराबाद राज्यातल्या आळंदहून सोलापूर किती लांब? बाजाराला लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात. तेवढ्या अंतरावर बाईची सुटका कायद्यात लिहिलेली होती, आणि अलीकडं आळंदला तिच्या हाती चावडी आणि पंचांची मर्जी.

त्यात १९४८ चं साल येऊन गेलं. मे महिन्यात बसवकल्याणजवळच्या गोरट्यात रझाकारांनी माणसं कापली. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि त्यानंतर बीदर, गुलबर्गा, उस्मानाबाद, नांदेड भागांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल समितीनं त्यांची नोंद केली. दोन्हीकडच्या विधवा आणि पोरकी मुलं याच गावांत राहिली. नवरा मेला की परागंदा झाला हेच ज्यांना सांगता येत नव्हतं, अशा बायकांच्या कहाण्या अण्णा सांगायचे. प्रेत नाही, दाखला नाही, जमीन अज्ञान मुलाच्या नावावर आणि चुलता कब्जात. त्या वेळी मोर्चे, पुढारी, स्वातंत्र्यसैनिक यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. या बायकांच्या अर्जांवर कुणी लिहिलं नाही.

१८ मे १९५५ ला हिंदू विवाह कायदा मंजूर झाला. एकच बायको, कोर्टातून घटस्फोट. जुनी रूढीची काडीमोडही त्यानं मोडीत काढली नाही. एकोणतिसाव्या कलमानं रूढीनं मिळणारा घटस्फोट शाबूत ठेवला. पण रूढी आहे असं म्हणून भागत नाही, ती सिद्ध करावी लागते. २००२ मध्ये कर्नाटकातूनच गेलेल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं हे ठणकावून सांगितलं. रूढी दाव्यात मांडा, पुराव्यानं शाबीत करा, नाहीतर तुमच्या स्टॅम्पपेपरला अर्थ नाही.

हे शाबीत करणं कसं असतं ते सांगते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सत्तरी उलटलेले एक आजोबा, डोक्याला पटका. न्यायाधीश दक्षिण कर्नाटकातून बदलून आलेले, त्यांना मराठी येत नाही. प्रश्न कन्नडमध्ये, उत्तर मराठीत, नोंद पुन्हा कन्नडमध्ये. "तुमच्या जातीत काडी मोडतात का?" "मोडतात की." "कुणाची मोडली?" आजोबांनी एका पुतणीचं सांगितलं. "साल?" "दुष्काळाचं." "कुठला दुष्काळ?" "मोठा. बहात्तरचा." समोरचे वकील उठले. एका काडीमोडीवरून रूढी कशी होते? आजोबा गोंधळले नाहीत. पंच कोण कोण होते, बैठक कुणाच्या ओट्यावर झाली, ती पुतणी नंतर कुठल्या गावी पाटाला गेली, तिला किती मुलं झाली, सगळं सांगत सुटले. नोंदीत यातलं निम्मं आलं. ज्या बाईसाठी हे चाललं होतं तिचं दुसरं लग्न खरं की खोटं, तिची मुलं औरस की नाहीत, हे त्या निम्म्या नोंदीवर अवलंबून होतं. म्हणून आता पंचांसमोर काडी मोडून आलेल्या प्रत्येक जोडप्याला मी सांगते की दोघांची संमती आहे ना, मग कोर्टातून संमतीचा हुकूमनामा घ्या. १९७६ पासून कलम १३-ब तेवढ्यासाठीच आहे.

१ नोव्हेंबर १९५६. त्या दिवसापर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा आणि भालकी, औराद, हुमनाबाद हे सगळे बीदर जिल्ह्याचे तालुके होते. त्या दिवशी जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. गुलबर्ग्याचे तांडूर, कोडंगलही आंध्रात गेले. सीमावादावर आमच्याकडं शाळा, पाट्या, सातबारा आणि नोकऱ्या यांची चर्चा सत्तर वर्षं चालली आहे. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, ८६५ गावं मागितली. या सगळ्यात सोयरिकींचा विषय मी कधी ऐकला नाही. आणि सोयरिकी तर निजामानं टाकलेल्या विकाराबाद-परळी रेल्वेच्या रुळांवरूनच चालत राहिल्या. बीदर, भालकी, कमलनगर, उदगीर. मुलगी इकडची, जावई तिकडचा.

आता त्या मुलीला नवऱ्यानं घालवून दिलं, ती माहेरी उदगीरला आली आणि नवऱ्यानं भालकीत घटस्फोटाचा दावा लावला. तान्हं मूल घेऊन दर तारखेला ती भालकीला येणार. दावा उदगीरला हलवून मागायचा तर? दोन्ही गावं एका राज्यात असती तर जिल्हा न्यायालय किंवा उच्च न्यायालय तो हलवू शकलं असतं. राज्यं दोन, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पंचविसाव्या कलमाखाली थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. ५६ च्या आधी एका जिल्ह्यात असलेल्या दोन गावांमधला, तासा-दीड तासाच्या वाटेवरचा हा दावा, आणि त्यासाठी दिल्लीचा वकील! कुडाच्या घरातल्या बाईनं तो आणायचा कुठून? मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा दाव्यांत व्हिडिओवरून साक्ष घ्यायची सोय सुचवली, आणि ऑक्टोबरात मोठ्या पीठानं ती बरीचशी मागं घेतली. दोघांची संमती हवी, तीही समेटाचा प्रयत्न फसल्यावर. वैवाहिक दाव्यात माणसं समोरासमोर यावीत, हे कारण मला पटतं. पण समोरासमोर यायचा खर्च नेहमी बाईच्याच पदरात का पडतो, याचं उत्तर त्या निकालात मला सापडलं नाही.

एक गोष्ट मात्र खरोखर बदलली. २००३ साली विवाह कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात दुरुस्ती झाली. बायको दावा लावणार असेल तर ती जिथं राहते तिथल्या कोर्टात लावू शकते. आधी तिला लग्न कुठं लागलं, नवरा कुठं राहतो, शेवटी दोघं कुठं नांदली, यातलंच गाव शोधावं लागायचं. पोटगीला ही मुभा आधीपासून होती, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली आहे. या दुरुस्तीनंतर माझ्याकडच्या कामांचं रूप बदललं. पूर्वी माझ्यासमोर नवऱ्यांचे अर्ज आणि बायकांचे जबाब असायचे. नंतर बायकांचे अर्ज येऊ लागले.

अपिलाचंही तसंच. भालकीहून बेंगळुरूला उच्च न्यायालयात जाणं म्हणजे रात्रभरचा प्रवास आणि लॉजचं भाडं. २००८ मध्ये गुलबर्ग्याला फिरतं पीठ आलं, २०१३ मध्ये ते कायमचं झालं. त्यासाठी इथल्या वकिलांनी किती वर्षं धरणी धरली ते मी बघितलं आहे.

सीमेनं आणखी काय काय केलं ते मोजायला बसले तर पान पुरणार नाही, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. कर्नाटकानं २०१६ च्या दुरुस्तीनं बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवला. महाराष्ट्रात तो मुलीनं सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर रद्द होतो. वऱ्हाड औरादऐवजी देगलूरला नेलं की त्याच पोरीच्या लग्नाला वेगळा कायदा लागू होतो, आणि हे घरच्यांना चांगलं ठाऊक असतं. दुसरी गोष्ट बंजारा तांड्यांची. कर्नाटकात लंबाणी अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत. हिंदू विवाह कायदा केंद्र सरकारनं वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाही. भालकीच्या तांड्यावरची मुलगी आता तेलंगणात असलेल्या नारायणखेडच्या तांड्यावर दिली की तिच्या संसाराला कुठला कायदा, यावरच पहिल्या सहा तारखा जातात. गोर बोली तीच, नाईक-कारभाऱ्याची पंचायत तीच, देवही तेच.

मुलाच्या ताब्याचा दावा, १८९० च्या त्याच पालक व पाल्य कायद्याप्रमाणं, मूल साधारणपणे जिथं राहतं तिथं लावायचा. सोपं वाटतं. पण बापानं सणाला म्हणून मूल नेलं आणि परत पाठवलंच नाही, वर तिकडच्या शाळेत नावही घातलं, तर साधारणपणे म्हणजे कुठं? सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सांगितलं की हा पुराव्याचा प्रश्न आहे, प्रत्येक मुलापुरता बघावा. म्हणून मी आईला पहिल्या भेटीतच कागद जमा करायला सांगते: अंगणवाडीची नोंद, लसीकरणाचं कार्ड, शाळेची हजेरी, रेशनकार्डावरचं नाव. मूल मराठी शाळेतून कन्नड शाळेत किंवा उलट गेलं असेल तर तेही कोर्टापुढं ठेवते, कारण सात वर्षांच्या पोराला वर्षाच्या मध्ये लिपी बदलायला लावणं हा त्याच्या हिताचाच प्रश्न आहे. काही न्यायाधीशांनी हे मनावर घेतलं. एकानं बापाला दर दुसऱ्या रविवारी भेट देताना ठिकाण उदगीर ठरवून दिलं आणि गाडीभाडं बापानंच सोसायचं असं लिहिलं. अशी वाक्यं हुकमात यावीत म्हणून मी भांडते.

आणि सोयरीक ठरवायला माझ्याकडं येणाऱ्या दोन्हीकडच्या थोरांना मी हळदीच्या आधीच सांगते. लग्न नोंदवा. कर्नाटकाचा नोंदणीचा कायदा १९७६ चा, महाराष्ट्राचा १९९८ चा, आणि २००६ पासून सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आहे. ज्या राज्यात अक्षता पडल्या तिथंच नोंदवा आणि दाखल्याची एक प्रत मुलीच्या माहेरी ठेवा. पत्रिकेवर कार्यालयाचं नाव, गाव, तालुका पुरता छापा. ज्येष्ठ मंडळींना हे अशुभ वाटतं. ऐन लगीनघाईत वकीलबाई कोर्टाचं कसं बोलतात, म्हणतात. तरी हल्ली मुलीच्या आया मागं थांबतात आणि दाखल्याला काय काय लागतं ते विचारून घेतात.